आत बसलेल्याचं खरं

लग्नाला अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या ह्यांनी माझ्यावर सगळ्यात जास्त काय उधळलं असेल, तर ते पाणी. तेही जाड पाइपनं, आणि मी ट्रकच्या कॅबिनमध्ये काचा चढवून, हातात टॉर्च घेऊन उकिडवी बसलेली असताना. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मीनाताईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, यंदा पाककृती नको, तुझ्या कामाबद्दल लिही, तेव्हा मला आधी थट्टाच वाटली. मंडळात माझी ओळख म्हणजे गॅरेजवाल्यांची बायको, चिरोटे छान करते, एवढीच. चिरोटे मी छान करतेच. पण गळती त्याहून छान शोधते, हे भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये येऊन गेलेला कुठलाही ड्रायव्हर सांगेल.

गळती म्हणजे जुन्या ट्रकच्या कॅबिनमध्ये पावसाचं पाणी शिरतं ती. माझे सासरे साताऱ्याकडून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले आणि क्वार्टरमध्ये राहिले. ह्यांनीही तिथेच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा. पण आमच्या ह्यांना कोणी हुकूम सोडलेला चालत नाही. पत्र्याचं काम शिकले आणि स्वतःची शेड टाकली. मी उज्जैनची, होम सायन्स घेऊन बी. ए. झालेली. दुपारी डबा घेऊन शेडमध्ये जायचं आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं, एवढाच माझा गॅरेजशी संबंध.

एकदा असाच डबा घेऊन गेले तर एक ट्रकवाला घाईत उभा. ह्यांचा आत बसणारा माणूस बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. हे मला म्हणाले, तू जरा आत बस आणि पाणी कुठून येतंय तेवढं सांग. साडी खोचली आणि चढले. माझी उंची चार फूट दहा इंच. या उंचीपायी दोन स्थळं मोडली होती माझी. पण डॅशबोर्डच्या खाली पडून वर बघायला हीच उंची लागते, हे त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांत जागा सापडली. तो आत बसणारा माणूस लग्नाहून परत आला तेव्हा हे त्याला म्हणाले, तू आता डेंटिंगचं बघ.

बाहेरच्या माणसाला ट्रकची कॅबिन म्हणजे एक डबा वाटते. तशी ती नसते. पुढचं तोंड कारखान्यातून येतं, आणि मागची बाजू, टप, दरवाजे हे पुष्कळदा इथलेच मिस्त्री लाकूड नि पत्रा जोडून बनवतात. दोन घरची माणसं एका संसारात आणावीत तसं. जिथे जोड, तिथे फट. शिवाय काचेभोवतीचं रबर उन्हानं कडक होतं, दरवाजाचं रबर दबून चपटं होतं, आणि टपावर दिवे, भोंगे, झालरी लावायला जो तो हवं तिथे भोक पाडतो. दहा-बारा वर्षं झाली की गाडी चार ठिकाणांहून पाणी प्यायला लागते.

आणि पाणी महा लबाड. टपाच्या कोपऱ्यातून शिरेल, पत्र्याच्या घडीतून चालत चालत पार दुसऱ्या टोकाला जाईल आणि ड्रायव्हरच्या पायाशी टपकेल. ड्रायव्हर सांगतो, पायाखालून गळतंय. कच्चा मिस्त्री पायाखाली सिलिकॉन थापतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा तळं. म्हणून आमची पद्धत खालून वर जायची. आधी पाइप दरवाजाच्या तळाशी, पाच मिनिटं. मग बिजागऱ्या, मग काच, सगळ्यात शेवटी टप. एकदम टपावर पाणी सोडलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि काही म्हणजे काही कळत नाही. सांगायला हे सोपं आहे. आमच्या ह्यांना पाच मिनिटं पाइप एका जागी धरवत नाही, तिसऱ्याच मिनिटाला तो वर सरकलेला असतो. या विषयावर आमची जितकी भांडणं झाली तितकी मुलांच्या शाळेवरूनही झाली नाहीत.

पाण्याच्या आवाजात आतलं बोलणं बाहेर जात नाही, म्हणून थापा ठरवल्या. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांबा. दोन म्हणजे वर चला. तीन म्हणजे सापडलं, तिथे खडूनं गोल काढा. आणि याच्यावर एक नियम, आत बसलेल्याचं खरं. बाहेरच्याला कितीही वाटलं की इथून पाणी जाणं शक्य नाही, तरी तीन थापा पडल्या की गोल काढायचा, वाद घालायचा नाही. नियम मीच केला होता, कारण आत मी बसत होते.

दुसरी माझी भर म्हणजे रांगोळी. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च मारूनही बारीक ओघळ दिसत नाही. एकदा मला सुचलं, आणि घरची रांगोळी नेऊन कॅबिनच्या तळाला पातळ पसरली. थेंब पडला की टिपका उठतो, ओघळ आला की रेघ. जिथे रांगोळी ठरत नाही तिथे ओल्या बोटानं गेरू फासून वाळवायचा, पाण्यानं तो लगेच काळपट होतो. ह्यांनी आधी नाक मुरडलं, ट्रक आहे का तुळशीवृंदावन, म्हणाले. महिन्याभरात स्वतःच अवधपुरीच्या दुकानातून किलोकिलोनं रांगोळी आणायला लागले. तो दुकानदार अजून आम्हाला अतिशय धार्मिक कुटुंब समजतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका ड्रायव्हरनं काचेच्या वर लाकडी देव्हारा बसवलेला, आणि त्याचे स्क्रू थेट टपातून आरपार. गळती तिथूनच. देव जरा बाजूला घेऊ या म्हटलं, तर तो म्हणाला, पाणी येऊ दे, देव हलणार नाही. मग मी टपावर चढून एकेका स्क्रूखाली रबराची चकती घातली. खाली उतरले तर तो देवाच्या आणि माझ्या, दोघांच्या पाया पडला.

दुसरा भर मे महिन्यात आला. म्हणे रोज सीटमागची गादी भिजते. मे महिन्यात, भोपाळात. आकाशात ढगाचा ठिपका नाही. आम्ही तासभर पाणी मारलं, आत एक थेंब नाही. ह्यांना तर हा माणूस डोक्यानं हललाय असंच वाटायला लागलं. मी दमून गादीवर बसले आणि पाठीला गार लागलं. सीटमागे त्याचा पिण्याच्या पाण्याचा कॅम्पर होता, आणि त्याची तोटी अर्ध्या आट्यानं सैल. मी ती आवळली आणि खाली उतरले. त्याला सांगितलं, गळती गेली. काय केलंत असं त्यानं तीनदा विचारलं, मी सांगितलं नाही. थोडा तोरा पाहिजे की नाही माणसाला?

तोऱ्याचं निघालंच आहे तर लईकमियाँचं सांगते. अंकात सगळं गोडगोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण हे गाळून माझ्या कामाबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

लईकमियाँ जुन्या शहरातले. मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान, आणि बोलणं असं की शिवीसुद्धा अदबीनं यावी. तिवारीजी नावाच्या मालकाचा ट्रक ते वीसेक वर्षं चालवत होते. तिवारीजींचं ऑफिस ट्रान्सपोर्ट नगरात. माणूस वाईट नाही, पण घड्याळाकडे बघून श्वास घेणारा.

उन्हाळ्याच्या शेवटी लईकमियाँ गाडी घेऊन आले. डाव्या बाजूची पायाखालची मॅट पावसात भिजते, एवढीच तक्रार. मी आत बसले, ह्यांनी खालून पाणी सुरू केलं. दरवाजाचं रबर गेलेलं होतं, ते लगेच सापडलं. मग पाइप वर सरकला, काचेच्या खालच्या कोपऱ्याशी, बिजागरीजवळ आला, आणि माझ्या रांगोळीत स्वच्छ रेघ उमटली. मी तीन थापा मारल्या.

बाहेर पाइप थांबला, पण खडूचा आवाज येईना. काच खाली केली तर हे डोकं खाजवत उभे. म्हणाले, इथे एक बारकं भोक आहे आणि ते कारखान्यानंच ठेवलेलं दिसतंय, उजव्या बाजूलाही असेल. मी म्हटलं, कोणी का ठेवलेलं असेना, पाणी तिथून आत येतंय, माझ्यासमोर रेघ आहे. ते पुन्हा काही बोलायला गेले. मी म्हटलं, आत कोण बसलंय? ह्यांनी गोल काढला. ते भोक मी स्वतः सिलिकॉननं बुजवलं, बोटानं दाबून दाबून, आणि वर रंगाचा हात मारला. दरवाजाचं रबरही बदललं. पुढच्या पावसात मॅट कोरडी राहिली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्याच पावसाळ्यात लईकमियाँ परत आले. म्हणाले, मॅट कोरडी आहे, अल्लाची मेहेरबानी, पण आता मोठ्या पावसात अर्ध्या-पाऊण तासानं वायपर आणि दिवे एकदम बंद पडतात. काचेतून काही दिसत नाही, गाडी कडेला लावावी लागते. पाऊस थांबून तास-दोन तास गेले की सगळं आपोआप चालू. मी म्हटलं, ते वायरिंगचं काम, इलेक्ट्रिशियनकडे जा. इलेक्ट्रिशियननं लख्ख उन्हात गाडी पाहिली, त्याला काय मिळणार? सगळं ठीक आहे म्हणाला. लईकमियाँ पुन्हा माझ्याकडे आले आणि म्हणाले, भाभी, एकदा आत बसून बघा ना. मी हातातलं काम न सोडता म्हटलं, कॅबिन माझी तपासलेली आहे.

मग तिवारीजींचा फोन आला. त्यांनी सरळ विचारलं, भाभीजी, कॅबिनमध्ये पाणी जातं का? मी म्हटलं, एक थेंब नाही, मी स्वतः आत बसून बघितलंय, गॅरंटी. ते म्हणाले, बस, एवढंच ऐकायचं होतं. फोन ठेवला आणि मी विसरूनही गेले.

दुसरा पावसाळा गेला तसाच. पुढची गोष्ट तिसऱ्या वर्षीच्या गणपतीच्या सुमारची. लईकमियाँच्या गाडीसारखीच, त्याच बनावटीची एक गाडी बॉनेट ठोकून घ्यायला आली होती. काम झाल्यावर हे सहज तिची काच धूत होते, मी चहा घेऊन उभी होते. काचेवर सोडलेलं पाणी वायपरच्या खालच्या जाळीत जात होतं आणि दोन्ही बाजूंना, बिजागरीजवळच्या एकेका भोकातून धो धो बाहेर पडत होतं. मी बघतच राहिले. हेही पाइप धरून बघत राहिले. या माणसानं जन्मात पहिल्यांदा पाच मिनिटं पाइप एका जागी धरला.

काचेखाली एक पन्हाळ असते, तिच्यात उतरलेलं पाणी बाहेर काढायचा तो रस्ता. आम्ही खालून वर पाइप मारला तेव्हा पाणी त्याच रस्त्यानं उलटं चढून आत गेलं होतं. पाऊस कधी खालून वर पडत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती गळती नव्हतीच, ती आमच्या पाइपची करामत होती. मॅट भिजत होती ती नुसती दरवाजाच्या रबरानं.

हे हळूच म्हणाले, "लईकमियाँच्या गाडीला डावीकडे हे भोक नाहीये."

मी म्हटलं, "नाहीये कसं? मी बुजवलंय."

चहा तसाच ठेवून मी लईकमियाँना फोन लावला. गाडी घेऊन या, एक बारकं काम राहिलंय म्हटलं. ते हसले. म्हणाले, आता कशाला भाभी, महिनाअखेर चावी द्यायची आहे. तिवारीजींचं ठाम मत झालं होतं की पाऊस आला की लईक ढाब्यावर गाडी लावून झोपतो आणि वायपरचं निमित्त सांगतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग ठीक, भाभीजी म्हणतात कॅबिन कोरडी, मग खोटं कोण बोलतंय? वीस वर्षांचा माणूस, आणि माझ्या एका गॅरंटीवर तो खोटारडा ठरला होता. त्या वयात दुसरी गाडी कोण देतो?

हे म्हणाले, गाडी बोलावू, भोक गुपचूप उघडू, आणि तिवारीजींना सांगू की वायरिंगमध्ये काहीतरी सापडलं. त्याची नोकरी वाचेल, आपलं नाव राहील. ह्यांनी हे मला वाचवायला सुचवलं, हे कळत होतं मला. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मलाही ते बरं वाटलं. पण मग वायरिंग ठीक म्हणणारा तो इलेक्ट्रिशियन खोटा ठरणार. एकाच्या डोक्यावरचं खोटं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि आपण कोरडं राहायचं, हे काही मला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळीची पिशवी, टॉर्च आणि स्वेटर विणायची एक सुई घेऊन आम्ही ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. लईकमियाँ गाडी घेऊन ऑफिससमोर उभेच होते. तिवारीजींना म्हटलं, मला तुमची पंचवीस मिनिटं हवीत आणि तुम्ही माझ्याबरोबर आत बसायचंय. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण बसले. पाइप मी लईकमियाँच्या हातात दिला, खालून नाही, वरून धरा, पाऊस पडतो तसा. ह्यांनी नळ सोडला.

मी तळाला रांगोळी पसरली, वायपर आणि दिवे चालू केले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. रांगोळी कोरडी. तिवारीजी म्हणाले, बघा, कोरडं तर आहे. मी म्हटलं, बसा जरा. न जाणो, नसेलच तसं, तर लईकमियाँचा शेवटचा आधारही मीच काढून घेतला असं व्हायचं. विसाव्या मिनिटाला वायपर काचेच्या मध्यावर आला, एकदा थरथरला आणि थांबला. दिवेही गेले. मी डॅशबोर्डचं डावं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. वरच्या पन्हाळीत पाणी तुंबून काठोकाठ आलं होतं आणि वायरींच्या रस्त्यानं टप टप फ्यूजच्या डब्यावर पडत होतं. मॅटपर्यंत ते पोचतच नव्हतं. पत्र्यावर मी तीन थापा मारल्या.

तिवारीजींकडे वळून म्हटलं, "ये लईकमियाँ का झूठ नहीं है, मेरी ग़लती है। छेद मैंने बंद किया था, और गॅरंटी भी मैंने ही दी थी।"

मी खाली उतरले, सिलिकॉन कुरतडून काढलं आणि सुई आत घातली. दोन वर्षांचं काळं पाणी भसकन बाहेर आलं आणि लईकमियाँच्या चपला भरल्या. उजवं भोक पाहिलं तर पानं नि मातीनं गच्च, तेही मोकळं केलं. तोवर तिवारीजी उतरले. मालक माणूस, माफी वगैरे मागणं त्यांना जमणारं नव्हतं. लईकमियाँच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाबी अपने पास ही रखो।" आणि ऑफिसात गेले.

मला वाटलं होतं लईकमियाँ खूश होतील, निदान चिडतील तरी. ते नुसते पाइप गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, मैं तो जाकर आँखें जँचवा आया था। सोचा, वायपर तो चलते होंगे, मुझे ही नहीं दिखता होगा।"

नवा चष्मा त्यांच्या नाकावर होता, आणि तो मी इतके दिवस पाहिलाही नव्हता. वीस वर्षं जो माणूस त्या कॅबिनमध्ये बसत आला, त्यानं दोनदा येऊन सांगितलं, आणि मी काय म्हटलं? माझी तपासलेली आहे. आत बसलेल्याचं खरं, हा नियम मी मोठ्या दिमाखानं केला आणि तो फक्त स्वतःपुरता ठेवला. दहा मिनिटं बसणारी मी, आणि तरी खरं माझंच. परत येताना स्कूटरवर मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकून रडले. हे म्हणाले, गोल तर मीही काढला होता. एवढंच म्हणाले, आणि मला ते फार बरं वाटलं.

त्यानंतर शेड चालू होती तोवर प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला मी आधी आत माझ्याशेजारी बसवायची आणि विचारायची, बोला, कधी, कुठे, किती वेळानं? रांगोळी त्यानंतर. पुष्कळ गळत्या तर पाइप न लावताच सापडल्या. गेल्या वर्षी ह्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि आम्ही शटर ओढलं. थापा मात्र घरात चालू आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी एक थाप मारली की हे बोलायचे थांबतात, निदान थांबायला हवेत.

लईकमियाँ अजून तीच गाडी चालवतात, आता जवळच्या फेऱ्याच करतात. माझी विणायची सुई त्यांनी त्या दिवशी मागून घेतली. आरशाला तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, लटकवलेली आहे, तिच्याशेजारी सुई लटकते. पावसाळ्याच्या आधी ते स्वतः दोन्ही भोकं साफ करतात, आणि मोठा पाऊस लागला की गाडी उभी करून खाली उतरून बघतात. मग मला फोन येतो. सलाम-दुवा काही नाही, एकच वाक्य असतं, "भाभी, नीचे गिर रहा है।"

मी म्हणते, ठीक आहे. पक्कं ना, असं कधी विचारत नाही. आत ते बसलेत.